मिळून आला

शिवाजीनगर कोर्टाच्या गेटाशी
झेरॉक्सवाला आणि नोटरी यांच्या मधल्या फटीत
माझं टेबल. एकवीस वर्षं.
पानाला वीस रुपये, अर्जंट असेल तर तीस.
गुन्हा म्हणजे काय, मला विचारू नका.
डावीकडे समास किती सोडायचा,
तेवढं सांगते.

आज झेलाबाई काळे आली, पोराचा कागद घेऊन.
बापाला जामीन झाला त्या दिवशी जन्मला,
म्हणून पोराचं नाव जामिन्या.

मी टाईप करत गेले:
*रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी,
मार्केट यार्डाच्या भिंतीलगत,
इसम नामे जामिन्या, वय एकोणीस,
सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान
आपले अस्तित्व लपवून,
अंधाराचा फायदा घेऊन,
तोंड बांधलेल्या स्थितीत,
लोखंडी टोकदार हत्यारासह
मिळून आला.*

मिळून आला.
जत्रेत हरवलेलं मूल मिळून येतं तसा.
जणू कधीपासून शोधत होते त्याला सगळे,
शाळेत, रेशनच्या यादीत,
आणि हा घ्या,
शेवटी इथे सापडला.

हत्यार म्हणजे पोती ओढायचा आकडा.
भिंतीच्या आत तो प्रत्येक हमालाच्या खांद्यावर असतो.
कांद्याची गाडी साडेतीनला लागते.
वीस मिनिटं आधी पोचला पोरगा,
जानेवारीची थंडी म्हणून मफलर गुंडाळून,
आणि भिंतीच्या या बाजूला बसला.

अंधाराचा फायदा किती झाला असेल त्याला?
गेल्या महिन्यात याच मशीनवर
एक अर्ज टाईप झाला, धायरीकडचा.
ओढा बुजवून उभे केलेले तीन मजले
दंड आकारून नियमित करण्याबाबत.
ओढा भर दुपारी बुजवला होता,
डंपर मोजायला पोरं जमली होती.
त्या कागदात इसम नव्हता कुणी,
मिळूनही आलं नव्हतं.
अर्जदार होते.
खाली सही होती, आपला विनम्र.

झेलाबाई पायरीवर बसून सांगत होती,
तिच्या आज्याला सेटलमेंटात
रोज हजेरी होती, दिवसातून दोनदा,
तारेच्या आत.
म्हटलं, काय केलं होतं त्यानं?
‘अजून काही नाही.
तेच तर लिहायचे वहीत.
अजून काही नाही.’

अस्तित्व लपवून.
या शब्दांशी बोट अडलं माझं.
कर्वेनगरात खोली घेताना
आडनावाच्या जागी गावाचं नाव सांगितलं होतं मी.
मालकीणबाई म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्यातल्याच की.’
मी हसले नुसती.
अकरा महिन्यांचा करार.
ते हसू दर वर्षी नव्यानं करून देते.

वाटलं, ‘लपवून’च्या जागी ‘जपून’ टाकावं.
कोण वाचतंय?
बेंद्रे वकिलांनी वाचलं.
‘मॅडम, खरी नक्कल आहे ही,
काना-मात्रेचा फरक चालत नाही.’
मी पान काढलं, दुसरं घातलं.
लपवून.
त्यांनी शिक्का मारला. खरी नक्कल.
दोन शब्द एका चौकटीत, शेजारी शेजारी,
कधी भांडलेले ऐकले नाहीत.

झेलाबाईनं पदराची गाठ सोडली.
तीन पानं, साठ रुपये.
मी घेतले.
तिनं विचारलं, ‘चांगलं लिहिलंय ना?’
म्हटलं, ‘स्वच्छ आलंय.’

सहा वाजले. मशीनवर रेक्झिनचं कव्हर घातलं.
मग पुण्यातल्या सगळ्या बायका करतात तेच केलं:
ओढणी डोक्यावरून, नाकावरून,
मानेमागे घट्ट गाठ,
वर गॉगल, हातात लांब मोजे.
डिकीत नारळ फोडायचा कोयता होता,
भावानं धार लावायला दिलेला.
सूर्य मावळला होता.

संचेतीच्या चौकात नाकाबंदी.
हवालदारानं बॅटरी मारली माझ्यावर,
जिथे चेहरा असायला हवा तिथे,
आणि म्हणाला,
‘चला ताई, चला, पुढे घ्या.’